खातेदारासह पक्षी

१ डिसेंबर २०२४, रविवार. दुपारी १२

ग्रामपंचायतीत वनखात्याची मीटिंग झाली. वनरक्षक क्रांती मॅडम आल्या होत्या. वय माझ्या नातीएवढे, बोलणे साहेबासारखे. बारा जानेवारीला सगळ्या तलावांवर पक्षीगणना आहे. आमच्या माळखिंडीच्या तलावाला एक पक्षीमित्र पाहिजे. तोपर्यंत रोज जाऊन पक्षी बघायचे, लिहायचे, फोटो काढायचे. कोण तयार आहे असे त्यांनी विचारले.

मी हात वर केला.

घरी येऊन अंबूबाईला सांगितले तर ती म्हणाली, तुमी हात वर केला तो दारातनं वारं येतंय, दार लावा म्हणायला. तिला हे कोणी सांगितले कळत नाही. बहुतेक लालासाहेबाने. तो शेजारीच बसला होता आणि माझे नाव लिहून घेतले तेव्हा खोकल्यासारखा हसला.

हसू दे. साखर कारखान्यात चौतीस वर्षे चिटबॉय होतो, उसाच्या नोंदी लिहायचो. शिक्षण सातवी, पण शेतकी विभागात माझ्या नोंदीवर साहेब न वाचता सही करायचे. बांधावर उभा राहून नजरेने सांगायचो, या गटात इतके टन निघेल. तेवढेच निघायचे. ज्याने उभा ऊस मोजला त्याला बसलेला पक्षी अवघड नाही.

उद्यापासून पहाटे पाचला उठायचे.

२ डिसेंबर, सोमवार. सकाळी ९.३०

गजर वाजला नाही. किंवा वाजला आणि अंबूबाईने बंद केला. तलावावर पोचायला साडेआठ झाले.

जयराजने मागच्या सुट्टीत कॅमेरा आणला होता तो आज पहिल्यांदा बाहेर काढला. जयराज माझा मुलगा, फौजेत सुभेदार आहे. डॉक्टरने माझे बीपी सांगितल्यापासून म्हणत होता, तात्या, काळजी करण्यापेक्षा एखादा छंद लावून घ्या. लेन्स हातभर लांब आहे. गळ्यात घातली की मान पुढे ओढली जाते.

चौतीस फोटो काढले. सगळे काळे. लेन्सचे टोपण काढायचे राहिले होते. हे कॅमेऱ्याच्या पुस्तकात पहिल्याच पानावर लिहायला पाहिजे होते. लिहिलेही असेल. इंग्रजीत आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

लांब पानांची नोंदवही आणली. रकाने स्वतः आखले. अनुक्रमांक, दिनांक, गट नंबर, खातेदाराचे नाव, पीक, पक्ष्याची जात, संख्या, शेरा.

मॅडमनी दिलेल्या फॉर्मवर दोनच रकाने होते. जात आणि संख्या. पोरीला अनुभव नाही. पक्षी बसला कोणाच्या रानात हे कळल्याशिवाय ती नोंद कसली? उद्या कोणी म्हणाले आमच्याकडे बसलाच नव्हता, तर काय दाखवणार?

आमच्या तलावाचे पाणी या दिवसांत मागे सरकते आणि काठाची गाळाची जमीन उघडी पडते. तिला गाळपेर म्हणतात. लोक तिच्यात हरभरा, गहू टाकतात. पाटबंधारे खात्याचा परवाना काढून टाकायचा असतो. कोणी काढतो, पुष्कळ जण काढत नाहीत. आपल्याला त्यात पडायचे नाही. आपण पक्षी लिहायचे.

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ८

मोठी बातमी. तलावावर नवीन पाखरे आली आहेत.

बिराप्पा धनगर काठावर मेंढरे चारतो, त्याने दाखवली. अंगाने राखाडी, मान उंच, डोक्यावर मागच्या बाजूला दोन काळे पट्टे. बिराप्पा म्हणाला, दर साल येत्यात की. पण बिराप्पाने कधी नोंद ठेवली नाही, त्यामुळे ते धरता येणार नाही. मॅडमना फोन करून वर्णन सांगितले. त्या म्हणाल्या, तात्या, हे पट्टकदंब हंस, हिमालयावरून उडून येतात, बारा जानेवारीपर्यंत थांबले तर आपल्या तलावाचे नाव वर जाईल.

हंस लालासाहेबाच्या हरभऱ्यात चरत होते. नजरेने अंदाज काढला. सवयीने आधी टनात लिहिला, तो खोडला. चाळीस.

नोंद अशी: अ.क्र. १, खातेदार लालासाहेब, पीक हरभरा, पट्टकदंब हंस, ४०. शेऱ्याचा रकाना मोकळा राहिला तो बरा दिसेना. म्हणून लिहिले, विनापरवाना.

७ डिसेंबर, शनिवार

फोटो येत नाही याचे कारण सापडले. मी नुसत्या पक्ष्याचा काढत होतो.

सरकारी फोटोचा नियम आहे. घराला शौचालय मिळाले तेव्हा मला दार उघडून आत उभा करून फोटो काढला होता. शेततळे, ठिबक, सगळीकडे तेच. वस्तू आणि लाभार्थी एका फोटोत दिसले पाहिजेत, नाहीतर साहेब सही करत नाही. लालासाहेबाला म्हटले, हंसांच्या शेजारी जाऊन उभा राहा.

तो म्हणाला, टोपी घालू का फेटा?

टोपी घालून गेला. दहा पावलांवर पोचला आणि सगळे हंस उडाले. फोटोत लालासाहेब एकटा आला, तोही कमरेच्या खाली. पुन्हा बसायची वाट बघितली, तो पुन्हा गेला, ते पुन्हा उडाले. चौथ्या वेळी म्हणाला, नाथ्या, मी हंस हुतो आणि त्यास्नी फोटुत हुबं कर.

मी म्हटले, एवढा हरभरा खातात, तू हुसकत कसा नाहीस? तर म्हणाला, खाऊ दे, लांबनं आल्यात.

त्याच्या त्या तुकड्याचे एक आहे. बाहत्तरच्या दुष्काळी कामात तलाव झाला तेव्हा त्याच्या वडिलांचे रान पाण्याखाली गेले. दर हिवाळ्यात पाणी हटले की नेमके तेच दीड एकर वर येते. बांधावरचा दगडसुद्धा तोच आहे. परवाना काढ म्हटले की म्हणतो, बाच्या रानात जायाला चिठ्ठी कशाला? त्याच्याकडे दुसरी जमीन डोंगराकडेला थोडी, तीही खडकाळ.

उद्या दुसऱ्या खातेदारांना उभे करून बघायचे.

११ डिसेंबर, बुधवार. दुपारी ३

अंबूबाईने वही उघडून बघितली. तिला वाचता येते, चौथीपर्यंत शिकली आहे, पण हळू. एक पान वाचायला तिने चहा उकळून आटेपर्यंत वेळ घेतला. मग म्हणाली, आवं, ह्यात पाखरं लिवलीत का माणसं?

म्हटले, दोन्ही. नोंद अशीच असते.

म्हणाली, चाळीस पाखरं आन् एकेचाळीस माणसं हायत ह्यात.

तिला हिशेब समजत नाही. पाखरे एका जातीची चाळीस, माणसे वेगवेगळ्या गटांतली. दोन्हींची तुलना करता येत नाही. तिला समजावून सांगितले. तिने चहा दिला नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

गावात पक्ष्यांविषयी जागृती झाली आहे आणि ती माझ्यामुळे झाली आहे, हे नम्रपणे लिहून ठेवतो.

काठाने चाललो की लोक हाक मारून बसवतात. चहा विचारतात. आज अर्जुना स्वतःहून जवळ आला. त्याचा गहू लालासाहेबाच्या पलीकडच्या गटात आहे. म्हणाला, तात्या, माझ्याकडं किती लिवलं? म्हटले, अकरा बगळे, दोन शराटी. तो म्हणाला, एवढी कुठली, तात्या, एखाददुसरं लिवा. बगळा तर माझ्याकडं बसतच न्हाई, भावाच्या रानात बसतोय.

बघा, किती बारीक निरीक्षण. पंधरा दिवसांपूर्वी याला बगळा आणि कोंबडी यांतला फरक सांगता आला नसता.

फोटो आज दोनशे बारा. बोट कशावर तरी दाबलेले राहिले आणि कॅमेरा आपोआप काढत गेला. सगळे माझ्या चपलेचे. कार्ड भरत आले.

१८ डिसेंबर, बुधवार. सायंकाळी ६

पाचला लालासाहेबाच्या ओट्यावर नेहमीप्रमाणे चहाला गेलो. साठ वर्षांची सवय आहे. शाळा एकत्र सोडली, तेव्हापासून पाचचा चहा कधी चुकला नाही, कारखान्याची ड्यूटी असली तर सुट्टी दिवशी दोनदा.

आज तो म्हणाला, वही दाव.

दाखवली. अभिमानाने दाखवली. त्याचे नाव पहिले आहे हेही सांगितले. तो बोट ठेवून वाचत गेला. शेऱ्यापाशी बोट थांबले.

“नाथ्या, ही वही कुटं जाणार हाय?”

मी म्हटले, सरकारात.

त्याने वही मिटली. कप खाली ठेवला आणि आत गेला. मी थोडा वेळ बसलो. आतून कोणी आले नाही तेव्हा घरी आलो.

त्याला कॅमेऱ्याचे वाटत असणार. त्याच्या मुलाने त्याला नुसता मोबाइल दिला आहे.

२१ डिसेंबर, शनिवार

तीन दिवस लालासाहेबाचे दार पाचला बंद. दुपारी उघडे असते, मी बघितले. बीपीची गोळी सकाळची संध्याकाळी घेतली, मग आठवेना म्हणून आणखी एक घेतली. छातीत धडधडते आहे. गोळीने असेल.

अंबूबाईने शेवटी उलगडून सांगितले. ती जे म्हणाली ते लिहितो, पटले म्हणून नाही. तिचे म्हणणे, ही वही वनखात्याकडून पाटबंधाऱ्यात गेली की विनापरवाना गाळपेर करणाऱ्यांची यादी तयार. त्यात पहिले नाव लालासाहेबाचे. पुढच्या साली त्याला बाच्या रानात पाय ठेवता येणार नाही.

मी म्हटले, कोण एवढे वाचत बसतो? ती म्हणाली, तुमची नोंद साहेब न वाचता सही करत्यात म्हणून तर भ्या वाटतंय.

तरीही विचार केला पाहिजे. उद्या काहीतरी काढतो मार्ग. शांत डोक्याने.

२३ डिसेंबर, सोमवार. दुपारी १

मार्ग काढला. मला माझाच अभिमान वाटतो, पण तो लिहिणार नाही.

दुकानातून व्हाइटनर आणले. लालासाहेब, अर्जुना, सगळे एकेचाळीस खातेदार पांढरे केले. रकाना मोकळा ठेवता येत नाही, मोकळा रकाना म्हणजे संशय. तेव्हा सगळीकडे स्वतःचे नाव घातले. खातेदार नाथाजी, नाथाजी, नाथाजी. शेवटी सही. आता जे काही होईल ते माझ्यावर होईल. दुसरा कोणी असता तर एवढे केले नसते.

येताना दुकानात अर्जुना भेटला. तोंड उतरलेले होते. त्याला धीर दिला. म्हटले, काही काळजी करू नको, गाळपेर सगळी माझ्या नावावर करून टाकली आहे.

तो बघतच राहिला. कृतज्ञतेने असेल. पिशवी दुकानातच विसरून गेला.

२४ डिसेंबर, मंगळवार

कोणी चहा विचारला नाही. काठाने गेलो तर माणसे आपापल्या तुकड्यात उभी. कोणी बसत नाही, कोणी काम करत नाही, नुसती उभी. रामराम घातला, दोघांनी घेतला.

बिराप्पा मात्र बोलला. म्हणाला, तात्या, मेंढरं कुठनं न्यायची आता? सगळं तुमचंच झालं म्हणत्यात.

समजले. या लोकांना “नावावर” या शब्दाचा एकच अर्थ माहीत आहे. सातबाऱ्याचा. मी पक्ष्यांच्या वहीविषयी बोलत होतो. अर्जुनाच्या घरी दोनदा गेलो. दोन्ही वेळा तो रानात गेलेला. दुसऱ्या वेळी त्याची चप्पल दारात होती.

हंस अठ्ठावन्न. एक फोटो आला, पण फक्त पाणी आले.

२६ डिसेंबर, गुरुवार. सकाळी १०

लालासाहेब आला होता. मी दारातच होतो. ये म्हटले, आत नाही आला. उंबऱ्याच्या बाहेर उभा राहिला. अंबूबाई पाणी घेऊन आली, तेही घेतले नाही.

“बाच्या रानावर पाणी घातलं ते सरकारनं. त्येच्यावर नाव घातलंस ते तू.”

मी म्हटले, तुझ्या भल्यासाठीच केले. तोंडातून निघाल्यावर ते कसे वाटते ते कळले. पुढचे सांगायचे होते, व्हाइटनर, एकेचाळीस नावे, जोखीम माझी, पण आधी मी वही आणायला आत गेलो. बाहेर आलो तर तो कोपऱ्यावर वळला होता.

अंबूबाई म्हणाली, आत्ताच्या आत्ता त्याच्या मागं जा. वही फाडा, त्येच्याम्होरं टाका.

वही फाडायची? चौतीस वर्षांत एक चिठ्ठी फाडली नाही. शिवाय मॅडमना बारा तारखेला काय दाखवू? बारा तारीख होऊ दे. हंसांचा आकडा वर गेला, तलावाचे नाव पेपरात आले, की लालासाहेबाला आपोआप कळेल. तेरा तारखेला मी स्वतः त्याच्यासमोर वही फाडणार. हा निश्चय.

३० डिसेंबर, सोमवार

व्हाइटनरवर पुन्हा खरी नावे लिहायचा प्रयत्न केला. शाई पसरते. लालासाहेबाच्या जागी “लालानाथाजी” असे काहीतरी झाले. पान खरवडले, भोक पडले. कारखान्यात अशी नोंद रद्द धरायचे.

मॅडमना फोन करून विचारावे वाटते की खातेदाराचे नाव नसले तर चालेल का. पण त्या म्हणतील चालेल, मग आतापर्यंत का लिहिले असा प्रश्न येतो. फोन केला नाही.

पाचला चहा घरी घेतला. कडू होता.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार. सकाळी ७.१५

आज लवकर पोचलो. झोपच येत नाही तर उठायला काय.

हंस बहात्तर. अजून सगळे लालासाहेबाच्या हरभऱ्यातच. इतर तुकड्यांत लोक डबे वाजवून हुसकतात, माझ्या वहीत नोंद होऊ नये म्हणून. लालासाहेब लांब दगडावर बसून होता. त्याने डबा आणला नव्हता. एक हंस त्याच्यापासून पंधरा पावलांवर चरत होता. मी कॅमेरा उचलला. बोट बटणावर ठेवले, दाबले नाही. थंडीने.

त्याने माझ्याकडे बघितले की हंसाकडे ते एवढ्या लांबून कळले नाही.

नऊ दिवस राहिले. हंस थांबले पाहिजेत. ते थांबले तर सगळे नीट होईल.

७ जानेवारी, मंगळवार

मॅडमचा फोन. बारा तारखेला त्या स्वतः येणार, सोबत साहेब. सकाळी सातला. मी बोलून गेलो की सगळे चोख आहे, नोंदी आहेत, फोटो आहेत.

फोटो नाहीत. पाच दिवसांत काढायचे.

अंबूबाईने पुन्हा वहीचे काढले. म्हटले, तेरा तारखेला. ती म्हणाली, तेरा तारखेला त्येचा काय उपेग? हिला तारखांचे महत्त्व कळत नाही.

९ जानेवारी, गुरुवार. सायंकाळी ६

आज तलावावरून उशिरा आलो.

सकाळी तलावावर गेलो तर लालासाहेब आणि त्याची बायको हरभरा उपटत होते. हिरवा. घाटे अजून भरलेले नाहीत, दाबले तर नुसते पाणी. दीड एकरातला निम्मा उपटून झाला होता. डहाळ्याच्या पेंढ्या बांधून बैलगाडीत टाकत होते. मी काठावर थांबलो. 

बिराप्पा म्हणाला, साहेब येणार, फोटु काढणार, पीक हुबं दिसलं की पुरावा हुतोय म्हणं. म्हणून काडतोय. रातोरात नगं, दिवसाच काडणार म्हणाला लालासाहेब, चोरी न्हाई केली मी.

दुपारपर्यंत रान साफ. हंस आले, वरून दोन घिरट्या घातल्या, मोकळ्या मातीत उतरले, मान फिरवून बघितले. मग उठले आणि पश्चिमेला गेले.

सवयीने वहीत लिहायला घेतले. पीक या रकान्यात काय लिहावे सुचेना.

११ जानेवारी, शनिवार. सायंकाळी ६

हंस परत आले नाहीत. उद्या येतील. एवढ्या लांब हिमालयावरून येणारा पक्षी तीन दिवसांत रस्ता विसरणार नाही.

तयारी. कॅमेरा चार्ज. कार्डातले काळे फोटो पुसून जागा केली. टोपण आत्ताच काढून ठेवले. वही फडक्यात बांधली. पांढरा सदरा इस्त्रीला. उद्या पहाटे चारला उठायचे. गोळी एकदाच घ्यायची.

पाचला लालासाहेबाच्या गल्लीतून चक्कर मारली. ओट्यावर डहाळ्याच्या पेंढ्या रचलेल्या. विकायला नेल्या नव्हत्या. वाळत होत्या.

१२ जानेवारी, रविवार. दुपारी १२

जसे झाले तसे लिहितो.

पावणेसातला पोचलो. धुके होते. धुक्यात काठाने उभे काहीतरी दिसले, रांगेत, उंच.  पहिल्यांदा वाटले क्रौंच. नजरेने मोजले, चाळीसच्या आसपास. कॅमेरा लावला. मग एकाने खिशातून रुमाल काढून नाक पुसले.

सगळे खातेदार आले होते. अंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, प्रत्येक जण आपापल्या तुकड्यात उभा. हातात आधार कार्ड. काहींच्या हातात जुने कागद. साहेब फोटो काढणार तर लाभार्थी फोटोत दिसला पाहिजे, हा नियम मीच सगळ्यांना महिनाभर सांगितला होता. माझ्या नावावर गेलेले रान परत आपल्या नावावर लावून घ्यायला आले होते.

चाळीस तुकड्यांत चाळीस माणसे. फक्त लालासाहेबाचा तुकडा मोकळा.

तलावावर एकही पक्षी नव्हता. चाळीस माणसे उभी असल्यावर कुठला बसतो.

जीप आली. मॅडमनी विचारले, तात्या, गावाचा काही कार्यक्रम आहे का? साहेबांनी दुर्बीण लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितले, आणि ते बघत गेले तसा एकेक जण आधार कार्ड वर धरत गेला.

मी वही पुढे केली. मॅडमनी पाने उलटली. त्यांना राग आला नाही, तेच जास्त लागले. त्या हळू म्हणाल्या की हे गट नंबर, ही नावे कोणी मागितलीच नव्हती, आम्हाला जात आणि संख्या एवढेच लागते, बाकीचे आम्ही कुठे पाठवत नाही. वही परत माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आधीचा हंसांचा एखादा फोटो असेल तर तो जोडता येईल. कॅमेरा दाखवला. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बघितले. पाणी, चपला, लालासाहेबाचे पाय.

फॉर्मवर त्यांनी लिहिले, निरंक. खाली मला सही करायला सांगितले. केली.

लोकांना कळायला वेळ लागला, मग सगळे एकदम कळले. अर्जुना पोट धरून हसत होता. म्हणाला, तात्या, तुमच्यापायी एवढ्या थंडीत गार पाण्यानं अंघुळ केली. सगळे हसत हसत घरी गेले. कोणाचे काही गेले नव्हते.

१३ जानेवारी, सोमवार. सायंकाळी ६.३०

निश्चयाप्रमाणे वही फाडली. आधी लालासाहेबासमोर फाडणार होतो, पण तो घरी नव्हता म्हणून चुलीसमोर फाडली. अंबूबाई बघत होती.  तिनेच पाने चुलीत सारली.

आता त्याला सगळे कळले असेल. अर्जुनाने सांगितले असणार. वही कुठे जाणारच नव्हती म्हटल्यावर राग कशाचा? पाचला येईल असे वाटून दोन कप मांडून ठेवले होते. सहापर्यंत वाट बघितली. आज सोमवार, बाजाराला गेला असेल.

१६ जानेवारी, गुरुवार

मॅडमनी मोबाइलवर फोटो पाठवला. पलीकडच्या तालुक्यातल्या तलावावर पट्टकदंब हंस एकशे दहा. कोणी काढला आहे माहीत नाही. डोक्यावरचे दोन्ही पट्टे मोजता येतात. खाली लिहिले आहे, तात्या, पुढच्या वर्षी नक्की.

त्यातले बहात्तर आमचे असणार. अर्थात, सांगता येत नाही.

लालासाहेब रस्त्यात भेटला. सायकलवर होता. बहुतेक त्याने मला बघितले नाही. समोरूनच आला, पण ऊन डोळ्यावर होते.

१९ जानेवारी, रविवार. सकाळी ११

अंबूबाईने सकाळी टोपी हातात दिली आणि सांगितले, जाऊन चुकलं म्हणा, दोनच शब्द हायत, वही लागत न्हाई त्येला.

तलावापर्यंत म्हणत गेलो. चुकलं. माझं चुकलं. लालासाहेब, माझं चुकलं. वाटेत तीन प्रकारे म्हणून बघितले.

तो तुकड्यात होता. उपटलेल्या रानात कुदळीने ढेकळे फोडत होता. आता काय पेरणार या दिवसांत, पण फोडत होता. मी बांधावरच्या दगडापाशी थांबलो. कॅमेरा गळ्यात होता, का घेतला होता माहीत नाही, सवय. पाऊल टाकले. त्याने मान वर केली.

“फोटु काडायचा आसंल तर लांबनंच काड, नाथ्या. तू जवळ आलास की सगळं उडून जातंय.”

ते दोन शब्द म्हणायचे राहिले. तो पुन्हा ढेकळांकडे वळला.

लांबूनच काढला. हलला.